घुंगरू कुणाच्या पायात?

हल्ली आमच्या ऑफिसातला निम्मा फ्लोअर सुट्टीत तुर्कस्तानला जाऊन येतो. आल्यावर फोटोंचा क्रम ठरलेला: कॅपाडोकियाचे फुगे, निळी मशीद, आणि बॉस्फरसमधल्या बोटीवर रात्रीचं जेवण, सोबत बेली डान्स. परवा असाच एक व्हिडिओ बघताना एक मित्र म्हणाला, "काय रे, हे तर तुमच्या नगर साइडच्या तमाशासारखंच!" सगळे हसले.

त्याला चिडवायचं होतं, हे उघड आहे. पण मी पडलो राहात्याचा, आणि मला ही तुलना फारच बरोबर वाटते. त्याला वाटते त्याहून खूप जास्त. म्हणून हा विकांत या विषयाला.

आधी तिकडची गोष्ट, थोडक्यात. तुर्की भाषेत या नाचाला 'ओरियंटल' म्हणतात, म्हणजे 'पूर्वेकडचा'. स्वतःच्याच नाचाला पाश्चात्त्यांच्या नजरेतून दिलेलं नाव! ऑटोमन काळात बायकांचे नाच बायकांसमोर होत, त्या नर्तिकांना चेंगी म्हणत. पुरुषांच्या मैफलीत बायकांचे कपडे घालून पोरं नाचत, ते कोचेक. १८३४ मध्ये इजिप्तच्या मुहम्मद अलीने नाचणाऱ्या बायकांना कैरोतून हाकललं आणि दक्षिणेला एस्नासारख्या गावांत धाडलं. कैरोत त्यांची जागा कुणी घेतली? बायकांच्या वेशातल्या पोरांनीच. पुढे १८५० मध्ये फ्रेंच लेखक फ्लोबेर एस्नाला गेला, कुचुक हानेम नावाच्या नर्तिकेला भेटला आणि तिच्याबद्दल भरपूर लिहून ठेवलं. तिने त्याच्याबद्दल काय म्हटलं असतं, ते मात्र कुठेच नाही.

१८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात हा नाच अमेरिकेत पोचला आणि बोंबाबोंब झाली. (होय, तेच शिकागो, तेच वर्ष. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले होते.) आणि आज आपण ज्याला 'पारंपरिक' पोशाख समजतो, म्हणजे ती मण्यांची चोळी आणि उघडी कंबर, तो विसाव्या शतकातल्या कैरोच्या नाइट क्लबांचा आणि सिनेमाचा प्रताप. चेंगी लांब झग्यात नाचत.

आता इकडे या.

लावणीत तर अंग जवळपास पूर्ण झाकलेलं. नऊवारी, अंबाडा, हातभर बांगड्या, पायात किलोकिलोचे चाळ. बैठकीच्या लावणीत बाई चक्क बसून गाते. जे काही सांगायचं ते डोळ्यांनी, भुवईने, बोटांनी. एकच ओळ पाच वेळा घ्यायची आणि दर वेळी वेगळी अदा दाखवायची, हे खरं कसब. म्हणजे शृंगार कपड्यात नाही, उघड्या कमरेत तर नाहीच. मग तो 'अश्लील' ठरला कसा?

नगर जिल्ह्यातच उत्तर शोधू. पहिलं नाव संगमनेरचे शाहीर अनंत फंदी (१७४४ ते १८१९). राम जोशी, होनाजी, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर अशा उत्तर पेशवाईतल्या शाहिरांच्या रांगेतले. आख्यायिका अशी की अहिल्याबाई होळकरांनी त्यांना तमाशाबद्दल बोल लावला, तेव्हा फंदींनी डफ सोडला आणि ते कीर्तनाकडे वळले. गंमत बघा, आता आमच्या जिल्ह्याचं नावच अहिल्यानगर आहे.

या गोष्टीत मला महत्त्वाचं वाटतं ते हे: फंदींना वळता आलं. ब्राह्मण पुरुष शाहीर तमाशा सोडून कीर्तनाला उभा राहिला की समाज त्याला कीर्तनकार म्हणून स्वीकारतो. आणखी एक गोष्ट. लावणीत बोलणारी बहुतेक वेळा स्त्री असते. तिचा विरह, तिचा हट्ट, तिची तक्रार. पण लिहिणारे जवळजवळ सगळे पुरुष, आणि पेशवाईतल्या तमाशात नाचणारेही बहुतेक पुरुषच, म्हणजे नाच्या पोऱ्या (तिकडचे कोचेक आठवा). बाईच्या तोंडची वासना पुरुषाने लिहायची, पुरुषाने नाचायची, पुरुषांनी बघायची. बाई या सगळ्यात सर्वांत शेवटी आली, आणि बदनामी मात्र सगळी तिच्या वाट्याला.

ती आली तीही आमच्याच भागातून. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा (१८७० ते १९३९). तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून तिचं नाव घेतात. जात महार. तिच्यासोबत नाव जोडलं जातं ते पठ्ठे बापूरावांचं (१८६६ ते १९४५), मूळचे श्रीधर कुलकर्णी, रेठऱ्याचे ब्राह्मण. त्यांच्या लावण्या आणि पवळेचं रूप व गळा, असा हा फड मुंबईत गाजला. बापूरावांनी तमाशासाठी जात सोडली, याचं आजही कौतुक होतं. पवळेने काय सोडलं, काय मिळवलं, हे कोण विचारतं?

एकाने विचारलं होतं. महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी खेळांचं उत्पन्न देऊ केलं, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ते नाकारलं. महार स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा नको, अशी त्यांची भूमिका. शाळेत लावणीवरचा धडा शिकताना हा प्रसंग मला कुणी सांगितला नव्हता. यात कलेचा अपमान नाही. प्रश्न एवढाच की 'ही आमची परंपरा' म्हणून जे मिरवायचं, त्याची किंमत दर वेळी त्याच जातीच्या, त्याच घरांतल्या मुलींनी का भरायची? महार, मांग, कोल्हाटी. यादी कधी बदलली नाही.

स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ च्या सुमारास, मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. कारण अर्थातच अश्लीलता. मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली, बंदी उठली, पण संहिता तपासून घेण्याची अट आली. सुधारायचं कुणी? नाचणाऱ्यांनी. दौलतजादा करणाऱ्यांसाठी सुधार समिती काही नेमली गेली नाही :-)

त्याच दरम्यान सिनेमाने लावणी उचलली. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्यात शंभराहून जास्त आठवडे चालला. १९७२ मध्ये 'पिंजरा' आला: सज्जन मास्तर आणि त्याला बरबाद करणारी तमासगिरीण. ही कथा मुळात जर्मन आहे, १९३० च्या 'द ब्लू एंजल' या चित्रपटावरून घेतलेली. तिथे मास्तरऐवजी प्रोफेसर आणि तमाशाऐवजी कॅबरे. एक अक्षर न बदलता म्हणावं इतकी ती आपल्याकडे फिट्ट बसली! जर्मनी असो, एस्ना असो की महाराष्ट्र, पुरुषाचा पाय घसरला की दोष नाचणारीच्या चाळांना.

आता पडद्याबाहेर या. विठाबाई नारायणगावकर (१९३५ ते २००२). खेळ चालू असताना कळा आल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, आणि शेवटचे दिवस हलाखीत गेले. २००६ पासून त्यांच्या नावाने सरकारचा जीवनगौरव पुरस्कार आहे. तो मिळालेल्यांपैकी एक, संगमनेरच्या कांताबाई सातारकर, मे २०२१ मध्ये करोनाने गेल्या. कांताबाई पुरुष भूमिकाही ठसक्यात करत. 'मादक' या एका शब्दात या बायकांचं काम कसं मावणार?

या सगळ्यावर सगळ्यात नेमकं लिहिलंय ते प्रा. शैलजा पाईक यांनी. त्या मूळच्या पोहेगावच्या, म्हणजे आमच्या शेजारच्या कोपरगाव तालुक्यातल्या. २०२४ मध्ये त्यांना अमेरिकेतली मानाची मॅकार्थर फेलोशिप मिळाली. तमाशातल्या दलित स्त्रियांवरच्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात (२०२२) तीन मराठी शब्द परत परत येतात: अश्लील, अस्सल आणि माणुसकी. मला समजलं ते असं की पहिले दोन शिक्के मारायचा अधिकार बघणाऱ्यांच्या हातात असतो. तिसरी गोष्ट मात्र नाचणारीला दर दिवशी झगडून मिळवावी लागते.

आता एक राहात्याकडचीच गोष्ट. साईसच्चरितात उल्लेख आहे की साईबाबा तरुणपणी शिर्डीच्या तकियात पायात घुंगरू बांधून गात, नाचत. आमच्याकडे हे सगळे भक्तिभावाने वाचतात, आणि वाचावंच. म्हणजे घुंगरू अश्लील नाहीत, नाच अश्लील नाही. पाय कुणाचे आहेत, त्यावर सगळं ठरतं.

२०२२-२३ मध्ये डीजेवरच्या नाचाला लावणी म्हणायचं का, यावरून राज्यभर वाद झाला. 'अस्सल लावणी वाचवा' म्हणून पोस्टी फिरल्या. दर गुढीपाडव्याला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन यात्रेची सुपारी देतात. अस्सलची काळजी असेल तर तिथे जाऊन भाव करताना पाचपन्नास हजार कमी करा म्हणू नये, एवढं पुरे. आणि यात्रेत तंबूचं तिकीट काढून पुढे बसाल, तर मोबाइल खिशात ठेवून तिच्या डोळ्यांकडे बघा. लावणी तिथे असते.