वीज दिली की हायड्रोजेल आकसतं की फुगतं?

बाळाच्या डायपरमधली पांढरी पावडर पाणी पिऊन फुगते, हे तुम्ही पाहिलंच असेल. त्या फुगलेल्या जेलवर मीठ टाकलं, तर ते पाणी सोडायला लागतं. यालाच हायड्रोजेल म्हणतात. आता मिठाऐवजी वीज दिली तर?

1982 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या तोयोइची तानाका यांनी सहकाऱ्यांसोबत हे करून पाहिलं. पाणी आणि अ‍ॅसिटोनच्या मिश्रणातल्या जेलला दिलेलं व्होल्टेज अगदी किंचित बदललं, तरी जेल एकदम आकसलं. आकसलेल्या जेलचं आकारमान फुगलेल्या जेलपेक्षा शेकडो पटींनी कमी असू शकतं, असं त्यांना आढळलं. वीज काढली की जेल पुन्हा फुगायचं.

असं का होतं?

हायड्रोजेल म्हणजे पॉलिमरच्या साखळ्यांचं जाळं. या साखळ्यांवर ऋण प्रभार असतो, तर सोडियमसारखे धन आयन आतल्या पाण्यात मोकळे फिरतात. आत आयन जास्त, बाहेर कमी, म्हणून पाणी आत ओढलं जातं. मीठ टाकलं की हा फरक घटतो. वीज तर आयनांनाच जागेवरून हलवते.

पण खरी मेख पुढे आहे. इलेक्ट्रोड जेलला टेकलाय की नाही, यावर निकाल बदलतो. टेकला असेल, तर धन इलेक्ट्रोडपाशी पाण्याचं विघटन होऊन आम्ल तयार होतं, साखळ्यांवरचा प्रभार जातो आणि तिथे जेल आकसतं. इलेक्ट्रोड लांब असतील आणि जेल क्षाराच्या पातळ द्रावणात असेल, तर धन इलेक्ट्रोडकडचीच बाजू जास्त फुगते आणि जेलची पट्टी ऋण इलेक्ट्रोडकडे वाकते. त्यामुळे 'वीज दिली की जेल आकसतं' हे कुठे वाचलंत, तर ते अर्धंच खरं समजा.

1992 मध्ये जपानच्या योशिहितो ओसादा यांच्या टीमने जेलची पट्टी पाण्यात चक्क अळीसारखी चालवली. वेग मिनिटाला 25 सेंटिमीटरपर्यंत! त्या पाण्यात साबणासारखे रेणू होते. विजेमुळे ते एका बाजूला चिकटायचे आणि ती बाजू आकसायची. विजेची दिशा उलटली की ते सुटायचे.

मग असे कृत्रिम स्नायू बाजारात का दिसत नाहीत? मोठी अडचण वेळेची आहे. पाणी जाळ्यातून झिरपत जातं, त्यामुळे जाडी दुप्पट केली की वेळ साधारण चौपट लागतो. शिवाय इलेक्ट्रोडवर बुडबुडे येतात. वीज दिल्यावर औषध सोडणाऱ्या जेलवरही संशोधन सुरू आहे. पण शरीरातलं पाणी मुळातच खारट असतं आणि खारट पाण्यात असं जेल आधीच कमी फुगतं.

(आणि हो, हा प्रयोग घरच्या प्लगवर अजिबात करू नका.)