टीपॉय नव्हे, तिवई

मैत्रिणींनो, ‘टीपॉय’मधला ‘टी’ म्हणजे चहा, असं आपल्याला वाटतं. पण मूळ शब्द ‘तिपाई’, म्हणजे तीन पायांची. आपली तिवई तीच. इंग्रजांनी तो उचलला, मोडला आणि नकळत चहाशी जोडला. 1886 साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशातही हा गैरसमज नोंदला आहे. पुढे 1903 च्या कायद्याने चहावर उपकर बसला, त्या पैशातून चहाचा प्रचार झाला आणि चहा खेड्यापाड्यांत पोहोचला.

तीन पायांचं एक बरं असतं. जमीन उंचसखल असली तरी डुगडुगत नाही. सारवलेल्या घरात हेच हवं होतं. कडेवर भार दिला तर कलंडते मात्र, लेकरं सांभाळा.

आता आवास योजनेतलं घरकुल किमान 25 चौरस मीटरचं, स्वयंपाकाची जागा धरून. त्यात जालन्याहून काचेचा मोठा टीपॉय आणला, की गटाच्या बैठकीला निम्म्या बाया उंबऱ्याबाहेर. कर्ज कुणाला द्यायचं हे आत ठरतं, बाहेरच्यांना नुसता चहा मिळतो! मी तर म्हणेन, एका हाताने उचलेल अशी हलकी तिवई घ्या. सतरंजी अंथरायच्या आधी ती कोपऱ्यात सरकवता येते.