ऑफशोअरिंग : हैदराबाद

कंपनीने खर्च वाचवण्यासाठी मायदेशातले काम परदेशात हलवणे म्हणजे ऑफशोअरिंग. हे काम दुसऱ्या कंपनीकडे सोपवले जाते किंवा स्वतःच्याच परदेशी केंद्रात नेले जाते. हैदराबादेत दोन्ही प्रकार रुजले. माधापूरच्या सायबर टॉवर्स या आयटी इमारतीचे उद्‌घाटन २२ नोव्हेंबर १९९८ रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते झाले. मायक्रोसॉफ्टचे विकासकेंद्रही त्याच वर्षी शहरात आले.

ऑक्टोबर २००३ मध्ये एचएसबीसी बँकेने ब्रिटनमधील सुमारे ४,००० नोकऱ्या भारत, चीन व मलेशियात हलवण्याचे जाहीर केले. हैदराबादेत तिचे सेवाकेंद्र होतेच. बँक तेव्हा भरघोस नफ्यात होती, म्हणून तिकडच्या कामगारांना हा घाव अधिक लागला. ग्राहकांना रात्री-अपरात्री फोन उचलणारे माणूस मिळाले, पण उच्चार कळत नाहीत, अडचण समजून घेतली जात नाही, अशा तक्रारीही वाढल्या. सँटँडर बँकेने २०११ मध्ये पुणे-बंगळूरची कॉल सेंटर बंद करून ते काम ब्रिटनला परत नेले.

हैदराबादच्या अमीरपेठेत मैत्रीवनम् परिसरातल्या इमारती जावा, टेस्टिंग, क्लाउड शिकवणाऱ्या क्लासांच्या पाट्यांनी झाकून गेल्या आहेत. नांदेड-लातूरकडची मुलेही इथे कोर्स करून मुलाखती देत फिरतात. नोकरी लागली की पगार गावातल्या कोणत्याही नोकरीपेक्षा चांगला, पण घड्याळ अमेरिकेचे : संध्याकाळी कॅब दारात, पहाटे घरी. कॉल सेंटरमध्ये अनेकांना फोनवर परके नाव घ्यावे लागले.

कंपनी आणि कर्मचारी यांच्यातील निष्ठेचा खरा कस हैदराबादच्याच सत्यम या आयटी कंपनीत लागला. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी हिशेबातील घोटाळ्याची कबुली दिली, तेव्हा कंपनीत ५० हजारांवर कर्मचारी होते. सरकारने संचालक मंडळ बदलले, एप्रिलमध्ये टेक महिंद्राने कंपनी घेतली आणि हजारोंना ‘व्हर्च्युअल पूल’मध्ये टाकले गेले : काम नाही, हाती जेमतेम मूळ वेतन. दोन-तीन वर्षांत कंपनी बदलणाऱ्या तरुणांना आज दोष दिला जातो, तो अन्यायाचा आहे. स्वस्ताई पाहून आलेले काम स्वस्ताई पाहूनच पुढे जाते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

आयटी कंपन्यांना इथल्या राज्य सरकारांनी दुकाने व आस्थापना कायद्यातील कामाच्या वेळांविषयीच्या काही तरतुदींतून सूट दिली आहे. कर्मचारी कपातीच्या वेळी पुरेशी पूर्वसूचना आणि भरपाई, ही त्या सुटीची अट असायला हवी.