रोग्याच्या चित्रावर सही कोणाची

डिसेंबर 2024 च्या अखेरीस आणि जानेवारी 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमध्ये माणसांचे केस अचानक गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग नुसतं ओढलं तरी केस हातात, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. हा भाग खारपाणपट्ट्यातला, त्यामुळे पहिला संशय पाण्यावर गेला. कोणी बुरशीचा संसर्ग म्हणालं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथकं येऊन नमुने घेऊन गेली. पुढे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी स्वतः गावं फिरून, तपासण्या करून घेऊन, रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. कारणाचा हा शोध वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे मुद्दा त्या आठवड्यांत फिरलेल्या चित्रांचा आहे. मुठीत केसांचा पुंजका धरलेली माणसं, कॅमेऱ्यापुढे वाकवलेली डोकी, शाळकरी पोरं, लग्नाच्या वयाच्या मुली. वाहिन्यांनी ‘टक्कल व्हायरस’ असं नावही देऊन टाकलं आणि ही डोकी व्हॉट्सॲपवरून देशभर फिरली. आता या घटनेवर मराठी विकिपीडियात कोणी नेटका लेख लिहायला बसलं, तर यातलं एकही चित्र त्याला उचलून लावता येणार नाही. कारण विचारलं तर उत्तर तयार असतं: प्रताधिकार. चित्र वाहिनीचं, वृत्तसंस्थेचं किंवा छायाचित्रकाराचं आहे, त्याची परवानगी हवी. उत्तर बरोबर आहे, आणि त्यातली गफलतही तिथेच आहे. ज्याचं डोकं आहे त्याचा या उत्तरात उल्लेखच नाही.

वैद्यकीय चित्राला दोन परवानग्या लागतात. एक चित्र काढणाऱ्याची, दुसरी चित्रात असणाऱ्याची. पहिलीसाठी शंभर वर्षांहून अधिक काळ कायदा, करार, कोर्ट सगळं तयार आहे. दुसरी मात्र डॉक्टरच्या भलेपणावर सोपवलेली राहिली. मुक्त ज्ञानकोशांनी हा जुना असमतोल तयार केला नाही, पण त्यांनी तो जसाच्या तसा वारसाहक्काने घेतला, असं इतिहास पाहिला की दिसतं. लोणारच्या सरोवराचं छायाचित्र चढवताना ही अडचण येत नाही. खड्ड्याला कोणी विचारत नाही. बुलढाण्याची चित्रं म्हटली की लोणार, सिंदखेडराजा, शेगावचं मंदिर हीच आधी डोळ्यांपुढे येतात, आणि तिथे काढणाऱ्याची एक परवानगी पुरते. रोग्याच्या चित्रालाही तोच एक-सहीचा नियम लावला की घोटाळा सुरू होतो.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. 1957 च्या भारतीय प्रताधिकार अधिनियमानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा माणूस. मालकीचा प्रश्न कलम 17 मध्ये येतो. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून काढलेलं चित्र मालकाचं; सरकारी कामात काढलेलं, वेगळा करार नसेल तर, सरकारचं. याच कलमात एक मजेशीर पोटकलम आहे: कोणी मोबदला देऊन स्वतःच्या सांगण्यावरून छायाचित्र काढून घेतलं, तर विरुद्ध करार नसल्यास पहिला मालक तो पैसे देणारा. लग्नाच्या फोटोंसाठी हे सगळ्यांना पटतं. पण कायद्यातली छायाचित्राची व्याख्या छायाचित्रणासारख्या प्रक्रियेने तयार झालेल्या कामालाही सामावून घेते, म्हणजे एक्स-रेला ती लागू पडते असं म्हणायला जागा आहे. मग खामगावात खासगी केंद्रात पैसे भरून काढलेल्या छातीच्या एक्स-रेचा धनी रुग्णच, असा युक्तिवाद सरळ करता येतो. तोच एक्स-रे जिल्हा रुग्णालयात काढला तर तो सरकारचा. डॉक्टरांना सहसा वाटतं की चित्र त्यांचं, कारण निदान त्यांचं; कायद्यात याला आधार शोधावा लागेल. त्यात जर त्या डॉक्टरांनी ते चित्र एखाद्या वर्गणीच्या नियतकालिकाला देऊन प्रताधिकारही लिहून दिला असेल, तर पुढे स्वतः काढलेलं चित्र ज्ञानकोशाला देण्यासाठी त्यांनाच प्रकाशकाकडे अर्ज करावा लागतो. इतक्या मालकांच्या गर्दीत रुग्ण आला तर फक्त पैसे भरणारा म्हणून येतो, देहाचा धनी म्हणून नाही.

या रिवाजाचं मूळ पाहायला मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात जावं लागतं. 1858 मध्ये लंडनला ‘ग्रेज ॲनाटॉमी’ प्रसिद्ध झालं. त्यातली चित्रं हेन्री वँडाइक कार्टर यांची, आणि त्याच वर्षी ते मुंबईला येऊन दाखल झाले. मजकूर लिहिणाऱ्या हेन्री ग्रे यांना प्रतींच्या खपावर मानधन मिळायचं, कार्टरना चित्रांचे एकरकमी 150 पौंड मिळाले. ग्रे 1861 मध्ये देवीने वारले. पुस्तक मात्र त्यांच्याच नावाने पिढ्यान्‌पिढ्या खपत राहिलं. कार्टर तीस वर्षं पश्चिम भारतात राहिले. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलं, साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते, कुष्ठरोगावर काम केलं, आणि ज्याला लोक ‘मदुरा फूट’ म्हणत त्या पायाच्या रोगाला ‘मायसेटोमा’ हे नाव दिलं. 1874 च्या त्यांच्या ग्रंथात सुजलेल्या, छिद्रं पडलेल्या पायांची रंगीत चित्रं आहेत; शेतात अनवाणी चालणाऱ्या माणसांचा हा रोग. आज ‘ग्रे’च्या 1918 च्या अमेरिकी आवृत्तीतल्या आकृत्या विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या सामायिक चित्रसंग्रहात मोकळ्या आहेत आणि जगभरच्या भाषांतले शरीररचनेचे लेख त्यांच्यावर उभे आहेत. चित्रकाराच्या मानधनावर आता पुस्तकं लिहिली जातात, आणि लिहायलाच हवीत, कारण त्याच्यावर अन्याय झाला होता. पण ज्या देहांवरून चित्रं काढली ते बहुतांशी बेवारस ठरलेल्या गरिबांचे. 1832 च्या इंग्रजी कायद्याने असे देह शरीरशास्त्राच्या शाळांना मिळत. आपल्याकडेही 1949 चा मुंबई शरीरशास्त्र अधिनियम मुळात बेवारस देहांवरच आधारलेला होता. चित्रकाराला किती पैसे मिळाले याचा हिशोब लागतो. पायाच्या धन्याला विचारलं का, हा प्रश्न त्या काळच्या कायद्याने विचारलाच नाही.

पुढचा टप्पा प्लेगचा. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, 1897 मध्ये साथरोग कायदा झाला, घरझडत्या झाल्या, माणसं उचलून इस्पितळात नेली. त्याच इस्पितळांत कॅमेरेही गेले. खाटेवरचे रोगी, काखेतल्या गाठी, छावण्यांतल्या रांगा: ही छायाचित्रं आज लंडनच्या वेलकम संग्रहात आहेत. त्या संस्थेने 2014 मध्ये आपली लाखभर ऐतिहासिक चित्रं मुक्त परवान्याखाली खुली केली. त्यामुळे मुंबईच्या प्लेगचं चित्र आज कोणीही, कुठेही लावू शकतो. जुन्या भारतीय छायाचित्रांना तर 1914 च्या कायद्याने मूळ निगेटिव्हपासून पन्नास वर्षांचंच संरक्षण होतं, ते कधीच संपलं. नंतरचं उदाहरण देवीचं. 1975 मध्ये बांगलादेशातल्या भोला बेटावर देवीच्या उग्र प्रकाराची शेवटची नैसर्गिक रुग्ण सापडली, एक लहानगी मुलगी. फोडांनी भरलेल्या अंगाचं तिचं छायाचित्र अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या चित्रसंग्रहातून सार्वजनिक झालं, कारण अमेरिकेत संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून केलेल्या निर्मितीला प्रताधिकारच नसतो. भारत सरकारच्या कामाला तो असतो, तोही प्रसिद्धीनंतर साठ वर्षं. ज्ञानकोशाच्या दृष्टीने अमेरिकेचा कायदा उदार, आपला कंजूष. पण उदार कोण झालं? तिथलं सरकार. मुलीने काही दिलं नव्हतं, तिच्याकडून घेतलं गेलं होतं. आज सर्वांत मोकळी असलेली वैद्यकीय चित्रं बहुतेक वेळा ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं त्यांचीच आहेत, आणि हा योगायोग नाही. नकार देऊ शकणारा माणूस कागदावर सही करतो किंवा करत नाही. सही लागली की चित्र अडतं.

यावर पहिला आक्षेप साधा आहे: प्लेगचे रोगी गेले, कार्टरचे रोगी गेले, आता दुखावणार कोण? याला बरंच वजन आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची, ओळख न पटणारी चित्रं काढून टाका, असं म्हणणं इतिहास पुसण्यासारखं होईल. ती राहावीत, आणि चित्राखालच्या ओळीत ती कोणत्या परिस्थितीत काढली गेली तेही यावं. पण हा आक्षेप कालवडच्या माणसाला लागू होत नाही. तो जिवंत आहे, त्याच्या गावाचं नाव चित्राखाली छापलेलं आहे, आणि चार-पाचशे उंबऱ्यांच्या गावात टक्कल पडलेलं डोकं कोणाचं हे सांगायला चेहरा लागत नाही.

दुसरा आक्षेप डॉक्टर मंडळींचा: डोळ्यांवर काळी पट्टी मारली की झालं. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेत रुग्णाचं छायाचित्र ओळख पटेल अशा रीतीने त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करायला मनाई आहे. पण लगेच पुढे म्हटलं आहे की ओळख उघड होत नसेल तर संमतीची गरज नाही. या शेवटच्या वाक्याने बरंच काही सैल सुटलं. ओळख पटते की नाही हे ठरवणारा डॉक्टर, आणि त्याच्या लेखी ‘ओळख’ म्हणजे शहरातल्या अनोळखी वाचकाला पटणारी. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने डोळ्यांवरची पट्टी पुरेशी नाही हे केव्हाच स्पष्ट लिहून ठेवलं आहे. विकिमीडिया कॉमन्सवरही ओळखू येणाऱ्या माणसांच्या चित्रांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं आहेत, खासगी ठिकाणी काढलेल्या चित्राला संमती हवी असंही त्यांत आहे. पण प्रताधिकाराचा पुरावा तपासायला तिथे पत्रव्यवहार पाहणारी स्वयंसेवकांची स्वतंत्र यंत्रणा आहे. रुग्णाची संमती मात्र सहसा चित्र चढवणाऱ्याच्या शब्दावर मानली जाते. एकीकडे कागद मागायचा आणि दुसरीकडे शब्द पुरे म्हणायचं, यातच या व्यवस्थेला कशाचं मोल जास्त ते कळतं.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, आणि तो ज्ञानाच्या बाजूने येतो. त्वचारोगांची पुस्तकं गोऱ्या कातडीवर लिहिली गेली. तांबूस चट्टा म्हणून जे वर्णन येतं ते वऱ्हाडातल्या सावळ्या अंगावर तांबूस दिसतच नाही. मराठी वाचकाला, आशाताईला, नव्या डॉक्टरला आपल्याकडचं अंग, आपल्याकडचा रोग दाखवायचा तर आपल्याकडचीच चित्रं हवीत. आणि दर चित्राला दोन-दोन संमत्या मागत बसलात तर कोण देणार? मग पुन्हा अमेरिकेच्या संग्रहातली चित्रं, पुन्हा तेच गोरं अंग. हे खरं आहे, आणि म्हणूनच संमती नीट मागायला शिकलं पाहिजे. आपल्या रुग्णालयांत संमतीपत्राचा कागद नवा नाही. शस्त्रक्रियेआधी नातेवाइकांकडून त्यावर सही किंवा अंगठा घेतलाच जातो. त्यात भर एवढीच पडायची की चित्र कुठे जाणार ते सांगायचं, आणि स्पष्ट सांगायचं. मुक्त परवान्याखाली गेलेलं चित्र कोणीही वापरू शकतो, पैसे कमावण्यासाठीही; परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही. बोंडगावच्या बाईचं डोकं उद्या केसांच्या तेलाच्या जाहिरातीत ‘आधी’ म्हणून झळकलं, तर प्रताधिकाराच्या अंगाने त्यात काहीही चूक नसेल. क्रिएटिव्ह कॉमन्स या नावाने ओळखले जाणारे मुक्त परवाने स्वतःच बजावतात की चित्रातल्या माणसाच्या खासगीपणाचे हक्क त्यांत येत नाहीत. पण ही बजावणी जाहिरातवाल्याने वाचायची आणि कोर्टात त्या बाईने जायचं. हे ऐकल्यावर काही जण नाही म्हणतील. म्हणू देत. काही जण चेहरा नको, नुसता टाळूचा भाग घ्या, गावाचं नाव नको म्हणतील, आणि त्यातून येणारं चित्र ज्ञानकोशाला चेहऱ्याच्या चित्रापेक्षा अधिक उपयोगी असेल, कारण लेखाला टाळू हवी असते, माणूस नको असतो. ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या ‘रेडिओपीडिया’ने हजारो डॉक्टरांकडून रुग्णाची ओळख काढून टाकलेली क्ष-किरण चित्रं जमवून दाखवलीच आहेत. त्यांचा परवाना व्यापारी वापराला मनाई करतो, म्हणून ती विकिमीडिया कॉमन्सवर चालत नाहीत, हा भाग वेगळा. त्या मनाईमागची भीती मात्र अगदीच अनाठायी नाही.

चौथी सूचना अधूनमधून येते: छायाचित्रं सोडा, रेखाटनं वापरा. मराठीत कोशवाङ्मयाची परंपरा मोठी आहे, केतकरांच्या ज्ञानकोशापासून विश्वकोशापर्यंत, आणि शरीररचनेसाठी रेखाटन पुरतंही. केसगळतीसाठी किंवा एप्रिल 2025 मध्ये याच गावांत सुरू झालेल्या नखगळतीसाठी ते पुरणार नाही. पुरावा म्हणून दिसलं पाहिजे असं काही असतं, आणि तिथे छायाचित्राला पर्याय नाही.

बुलढाण्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ऑक्टोबर 2024 मध्ये, शेगावची साथ सुरू होण्याच्या जेमतेम तीन महिने आधी, सुरू झालं. तिथे येणाऱ्या रुग्णांची जी चित्रं सरकारी नोकरीतले डॉक्टर आणि तंत्रज्ञ काढतील त्यांचा प्रताधिकार कलम 17 प्रमाणे शासनाचा असेल. 2025 मध्ये सरकारने प्रसिद्ध केलेलं चित्र 2085 साल संपेपर्यंत बंद राहील. विभागप्रमुखांनी मनात आणलं तरी एकट्याच्या सहीने ते त्यांना ज्ञानकोशाला देता येणार नाही, आणि रुग्णाने आनंदाने संमती दिली तरी तिच्यावर प्रताधिकाराचं काम होणार नाही. केंद्र सरकारने 2017 मध्ये खुल्या आकडेवारीसाठी स्वतंत्र परवाना काढला, तसा राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाने एक शासन निर्णय काढून ओळख पुसलेली शैक्षणिक चित्रं मुक्त परवान्याखाली देण्याचा अधिकार अधिष्ठात्यांना देता येईल. मात्र त्या निर्णयात परवान्याच्या नमुन्याआधी रुग्णाच्या संमतीपत्राचा मराठी नमुना जोडावा, त्यात जाहिरातीच्या शक्यतेचं वाक्य मोठ्या अक्षरांत असावं, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला ते कोणी वाचून दाखवलं त्याचं नाव लिहिण्यासाठी एक वेगळी ओळ ठेवावी.