पुण्यातील रस्त्यांची पुनर्रचना

पुणे शहरातले रस्ते बस, पादचारी, सायकलस्वार आणि खासगी वाहने यांच्यात नव्याने वाटून देण्यासाठी महापालिकेने २००६ पासून हाती घेतलेली कामे. रस्ता किती रुंद करायचा यापेक्षा आहे त्या रुंदीत कोणाला किती जागा द्यायची, हा त्यांतला मुख्य प्रश्न. साहजिकच डांबराइतकाच वादही ओतला गेला.

सायकलींचे शहर म्हणून मिरवणारे पुणे विसाव्या शतकाच्या अखेरीस दुचाकींचे शहर झाले होते. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या प्रवासाला महत्त्व दिले आणि त्याच वर्षी डिसेंबरात कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे स्वतंत्र मार्गिकेतून धावणारी जलद बससेवा, सुरू झाली. देशातला हा पहिला प्रयोग. तो घाईने उतरवला गेला. बसच्या पट्ट्यात मोटारी आणि दुचाकी घुसत, तर रस्त्याच्या मधोमध असलेला थांबा गाठायला प्रवाशाला भरधाव रहदारी ओलांडावी लागे. पुढच्या वर्षी पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या परिवहन सेवा एकत्र येऊन पीएमपीएमएल स्थापन झाली, तेव्हा बीआरटीची बदनामीही तिच्या वाट्याला आली.

२०१५ मध्ये ‘रेनबो’ नावाने बीआरटी पुन्हा उभी राहिली. संगमवाडी–विश्रांतवाडी आणि औंध–रावेत हे मार्ग त्या वर्षी खुले झाले. थांब्याचा फलाट बसच्या मजल्याइतका उंच ठेवल्याने म्हाताऱ्यांना पायऱ्या चढाव्या लागेनात, आणि गाडीचा थांब्यावरचा वेळही वाचला. पण अशा सोयीला बस वेळेवर, सलग सुटावी लागते. नाहीतर शेजारच्या कोंडीत अडकलेल्या मोटारचालकाला रिकामी मार्गिका डोळ्यांत खुपते.

पदपथांचे काम त्या मानाने शांतपणे पुढे गेले. २०१६ मध्ये महापालिकेने पादचारी धोरण आणि रस्ते-रचनेची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. त्यांचा सर्वांत ठळक नमुना जंगली महाराज रस्त्यावर दिसतो. संभाजी उद्यान आणि बालगंधर्व रंगमंदिराच्या परिसरात पदपथ रुंद झाला, झाडे जागच्या जागी राहिली, बसायला बाके आली आणि मुलांना खेळायलाही जागा मिळाली. यातले खरे कसब मात्र पटकन नजरेत भरत नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांनुसार पदपथ १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावा आणि चालण्याचा निर्वेध पट्टा किमान १.८ मीटर असावा. गुडघ्याएवढ्या उंच पदपथावर दर फाटकापाशी चढउतार करण्यापेक्षा लोक खाली रस्त्यावरूनच चालणे पसंत करतात, आणि मग ‘पुणेकरांना फुटपाथ वापरायची सवय नाही’ असा निष्कर्ष निघतो.

औंधमध्ये याच धर्तीवर काम सुरू झाले, तेव्हा मोटारींची जागा कमी होणार म्हणून दुकानदार आणि काही रहिवासी विरोधात उभे राहिले. गाडी दारात लागली नाही तर गिऱ्हाईक येत नाही, हा व्यापाऱ्यांचा जुना हिशेब. पायी येणारे गिऱ्हाईक त्यात क्वचितच धरलेले असते.

सायकलींच्या वाट्याला मात्र कागद जास्त आले. २०१७ मध्ये शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर झाला. त्याच सुमारास मोबाइल ॲपवर भाड्याने मिळणाऱ्या सायकलीही दाखल झाल्या, पण काही वर्षांतच त्या रस्त्यावरून नाहीशा झाल्या. जिथे सायकल ट्रॅक आहेत, तिथे दुचाकी लावलेल्या दिसतात.

जुन्या पेठांत रुंदीकरणाला वावच नाही. २०२१ मध्ये तिथल्या अरुंद रस्त्यांसाठी ‘पुण्यदशम’ ही छोट्या बसची सेवा सुरू झाली. दहा रुपयांत दिवसभर फिरता येईल, अशी तिची योजना होती. त्याच वर्षी ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा झाला.

२०२० चा आंतरराष्ट्रीय शाश्वत वाहतूक पुरस्कार पुण्याला मिळाला, त्यामागे तोपर्यंतची ही कामे होती. पुढे २०२३ मध्ये नगर रस्त्यावरची बीआरटी मार्गिका कोंडीचे कारण देऊन काढायला सुरुवात झाली. शेजारच्या पिंपरी-चिंचवडने त्याआधीच, २०१८ मध्ये, जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावर दापोडी–निगडी हा बीआरटी मार्ग सुरू केला होता.