अप्रिय नायिकेची पूर्वपीठिका

बालाघाटाच्या पठारावर, जेथे मराठी मुलखाची सरहद्द कानडी मुलखाला भिडते आणि तेलंगणही फारसे दूर राहत नाही, तेथे वसलेल्या उदगीरचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा एकाच प्रसंगाने येते. 1760 च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला या परिसरात नमविले, सुमारे साठ लक्षांच्या महसुलाचा मुलूख आणि दौलताबादेसारखा किल्ला तहाने पदरात पाडून घेतला, आणि त्याच विजयाची कीर्ती पुढे त्यांना पानिपताच्या मोहिमेकडे घेऊन गेली. परंतु ज्या मुलखातून फौजा जातात त्याच मुलखातून कथाही जातात, आणि फौजांच्या मागे उरणाऱ्या सनदा व तहनामे दफ्तरांत जिरून गेल्यावरही कथा मात्र लोकांच्या तोंडी जिवंत राहतात. आज तरुण वाचकांच्या हाती अद्भुत आणि प्रणय यांचे मिश्रण असलेल्या हलक्याफुलक्या कादंबऱ्या दिसतात, आणि त्यांची नायिका पुष्कळदा गर्विष्ठ, स्वार्थी, तिखट जिभेची, म्हणजे सहजी जीव जडू नये अशी असते. अशा स्त्रीच्या संगतीत तीनशे पाने काढण्यात काय सुख, असा प्रश्न घरातील वडीलधारी माणसे करतात, आणि हे सारे परक्या देशाचे बियाणे आहे असेही म्हणतात. या नायिकेचे कुळ आपल्या मुलखात किती जुने आहे, हे पाहिले म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर निराळ्या दिशेने शोधावे लागते.

उदगीर 1956 पर्यंत बिदर जिल्ह्याचा तालुका होता, आणि त्या बिदरच्या बहामनी सल्तनतीतच, पंधराव्या शतकात, फखरुद्दीन निजामी नावाच्या कवीने दखनी भाषेतील आज उपलब्ध असलेले आद्य दीर्घ कथाकाव्य रचले. ‘कदमराव पदमराव’ हे त्याचे नाव. त्याची एकच हस्तलिखित प्रत हाती लागली, आणि जमील जालिबी यांनी 1973 मध्ये तिचे संपादन केले. उच्च कुळातील एक नागीण हीन जातीच्या सर्पाशी रत झालेली राजा कदमरावाच्या दृष्टीस पडते, तो क्रोधाने तिच्यावर शस्त्र चालवितो, आणि त्या क्षणापासून त्याचे मन समस्त स्त्रीजातीविषयी, स्वतःच्या राणीविषयीही, संशयाने कलुषित होते. पुढे अखरनाथ योगी येतो, परकायाप्रवेशाची विद्या येते, राजाचा जीव पोपटाच्या देहात अडकतो, आणि अद्भुताचा सारा पसारा उभा राहतो. या पसाऱ्याचा उगम एका स्त्रीरूपाच्या स्खलनात आहे, परंतु उगमापाशीच तिला सोडून कथा राजाच्या मागे निघून जाते. स्त्रीचा दोष हे कथेला गती देणारे निमित्त ठरते, आणि दोषी स्त्रीच्या अंतःकरणात डोकावण्याची गरज कवीला फारशी भासत नाही.

ही गरज ज्यांना भासली त्या कथाकार दरबारात बसत नव्हत्या. त्या माजघरात, चातुर्मासात, हातात अक्षता घेऊन बसलेल्या बायकांमध्ये होत्या. श्रावणातल्या सोमवारी जी शिवामुठीची कहाणी सांगितली जाते तीत राजाच्या चार सुनांपैकी तीन आवडत्या आणि एक नावडती असते. नावडतीला उष्टे अन्न, जाडेभरडे वस्त्र आणि गुरांचे बेडे एवढेच वाट्याला येते. रानात तिला नागकन्या व देवकन्या भेटतात, त्यांच्याकडून ती तांदूळ, तीळ, मूग, जव यांची मूठ शिवाला वाहण्याचा वसा घेते, आणि अखेरीस तिच्या भक्तीने साधे देऊळ सुवर्णाचे होते. ही नावडती निर्दोष आहे. तिच्यावर अन्याय झाला आहे, आणि अन्याय झालेल्या निर्दोष जीवासाठी डोळे पाणावणे कोणालाही कठीण नाही.

महालक्ष्मीच्या कहाणीत हा सोपेपणा राहत नाही. तेथे राजाला पाटमाधवराणी आणि चिमादेवराणी अशा दोन राण्या आहेत, आणि आवडती असलेली पाटमाधवराणीच दोषाची धनीण आहे. ती ऐश्वर्याने उन्मत्त होऊन व्रताचा दोरा फेकून देते, म्हातारीच्या रूपाने दारी आलेल्या देवीचा अवमान करते आणि तिच्या कोपाला पात्र होते. नावडती चिमादेवराणी तोच दोरा श्रद्धेने उचलते आणि भाग्यवंत होते. एवढ्यावर थांबली असती तर ही एक साधी नीतिकथा झाली असती. परंतु कहाणी सुखी झालेल्या चिमादेवराणीपाशी न रेंगाळता दंड भोगणाऱ्या पाटमाधवराणीबरोबर रानात जाते. जेथे ती आश्रय मागते तेथल्या कारागिराचे काम बिघडते, लोक तिला अपशकुनी समजून हाकलून देतात, एकामागून एक दारे बंद होतात, आणि शेवटी एका ऋषीच्या आश्रमात तिला थारा मिळतो; तेथे ती शरण जाते, देवीचा कोप शमतो, आणि राजा तिला ओळखून परत आणतो. शिक्षा झालेल्या उद्धट राणीच्या पावलाला पाऊल लावून चालण्याचा हा धर्म त्या अनाम कथनकर्त्यांनी पाळला, आणि ऐकणाऱ्या लेकीसुनांकडूनही पाळून घेतला, कारण कहाणी पुरी झाल्यावाचून हातातल्या अक्षता खाली ठेवायच्या नसत. चार्ल्स किंकेड यांनी 1914 मध्ये मराठी व्रतकथा इंग्रजीत आणल्या, तेव्हा धुरंधरांच्या चित्रांनी सजलेल्या त्या पुस्तकात या दोन राण्यांची कथाही होती.

छापील मराठी कादंबरी जन्माला आली ती मात्र निराळा स्वभाव घेऊन. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 मध्ये आणि ‘रत्नप्रभा’ 1866 मध्ये, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ 1868 मध्ये प्रसिद्ध झाली. या ग्रंथांतून राजवाडे, उपवने, विरह, कपटी खल आणि अकल्पित सुटका यांची रेलचेल झाली, आणि त्यांच्या नायिका सौंदर्य, शील आणि सहनशीलता यांच्या मूर्तीच राहिल्या. याचे कारण त्या काळाच्या धास्तीत आहे. कादंबरी हा प्रकार नवा, वाचणारा वर्ग नवा, त्यात नव्याने साक्षर होणाऱ्या स्त्रिया. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 1872 मध्ये ‘नावल व नाटक’ यांविषयी निबंध लिहून या वाङ्मयाचा हिशेब मांडला, यावरून त्याची किती चिंता वाहिली जात होती ते दिसते. अशा वातावरणात नायिकेचा एखादा दोष म्हणजे वाचणाऱ्या मुलीला दिलेला वाईट कित्ता ठरला असता. रंगभूमीने तेवढे धाडस केले: शेक्सपिअरच्या नाटकावरून वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी रचलेली ‘त्राटिका’ शाहूनगरवासी मंडळीने गाजविली, पण तेथेही कर्कशा स्त्रीला वठणीवर आणणारा प्रतापराव हाच विजयाचा मानकरी ठरला.

निजामी अंमलातल्या उदगीरकरांची स्थिती पुण्या-मुंबईच्या वाचकाहून वेगळी होती. 1884 मध्ये फारसीच्या जागी उर्दू ही कारभाराची भाषा झाली, 1918 मध्ये उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, आणि 1929 च्या गश्ती निशाण 53 या परिपत्रकाने जाहीर सभांनाही पूर्वपरवानगीचे बंधन घातले. मराठी ग्रंथाला येथे राजाश्रय नव्हता. मराठी अद्भुत टिकले ते घराच्या भिंतींच्या आत, कहाण्यांच्या रूपाने. उर्दू शिकलेल्याला मात्र दास्तानांचे विशाल दालन खुले होते, आणि लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून 1883 पासून निघालेल्या ‘तिलिस्म-ए-होशरुबा’त त्याला जादूचा बादशहा अफ्रासियाब आणि त्याची मलिका हैरत भेटत होती. हैरतची बहीण बहार शत्रुपक्षाला जाऊन मिळते. हैरत मानी, मत्सरी आणि पराभूत होणाऱ्या पक्षाशी एकनिष्ठ अशी उभी राहते, आणि दास्तानकार तिच्या वैभवाचे वर्णन करताना आपले शब्द आखडते घेत नाहीत. माजघरात पाटमाधवराणी आणि दिवाणखान्यात हैरत, अशी दुहेरी वारसदारी या मुलखाने अनुभवली.

2022 च्या एप्रिलमध्ये पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरच्या महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालयाच्या प्रांगणात भरले, आणि ज्यांच्या कथांत गूढ व अद्भुत यांना मानाचे स्थान आहे ते भारत सासणे त्याचे अध्यक्ष होते. वास्तववादाच्या दीर्घ अधिराज्यात पोरखेळ समजले गेलेले अद्भुत पुन्हा सन्मानाने बोलू लागले आहे, ही मला आनंदाची गोष्ट वाटते. म्हणून उदगीरच्या किंवा कोणत्याही गावच्या ग्रंथपालाने मुलींच्या हातची ही हलकी पुस्तके हलकी म्हणून काढून घेऊ नयेत. प्रिय माणसावर प्रेम करायला कोणतेच वाचन शिकवीत नाही, ते आपोआप येते. जिचा राग येतो तिच्याबरोबर शेवटच्या पानापर्यंत चालत राहणे आणि तोवर निवाडा राखून ठेवणे, हे मात्र अभ्यासानेच येते, आणि संसारात व समाजात त्याच अभ्यासाची आपल्याला अधिक गरज पडते. या कादंबऱ्यांची पारख करायची असेल तर कसोटी आपल्या घरचीच लावावी: लेखिकेने आपल्या गर्विष्ठ नायिकेला पाटमाधवराणीप्रमाणे बंद दारांसमोरून चालविले आहे, की पहिल्याच वळणावर नायकाच्या प्रेमाने तिचे सारे दोष धुऊन टाकले आहेत? पहिले केले असेल तर ते पुस्तक आपल्या कहाण्यांच्या पंक्तीला बसण्यास पात्र आहे, आणि दुसरे केले असेल तर त्यातील उणीव नायिकेच्या दुर्गुणांत नसून लेखिकेच्या घाईत आहे.