वर्गाबाहेरची मराठी : सीमाभागातील माध्यमिक शाळांचा एक धावता इतिहास



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे उभे आयुष्य शाळेच्या चार भिंतींत गेले. म्हणून आज शाळेविषयीच बोलावे असे मी ठरविले. शाळेचा इतिहास म्हणजे इमारती, देणग्या आणि निकालाची टक्केवारी, असा आपला सर्वसाधारण समज असतो. मला विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यातील हायस्कुलांत मराठी टिकली, ती वर्गात की वर्गाबाहेर?

वर्गातला इतिहास सरकारी आदेशांतून वाचता येतो. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि येथील विद्यार्थी पुण्या-कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांप्रमाणेच एस.एस.सी. परीक्षेला बसत. राज्यपुनर्रचनेनंतर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि पुढे एस.एस.एल.सी. आली. १९६७ मध्ये महाराष्ट्रात 'बालभारती' स्थापन झाली. पण सीमेअलीकडच्या मुलांच्या हाती पडले ते कर्नाटकाने तयार केलेले मराठी पाठ्यपुस्तक. गोकाक समितीच्या अहवालानंतर, १९८२ मध्ये, माध्यमिक शाळांत कन्नडला एकमेव प्रथम भाषेचे स्थान देणारा आदेश निघाला. १९८६ च्या जूनमध्ये बेळगाव परिसरात सक्तीविरुद्ध आंदोलन झाले, त्यात माणसे प्राणास मुकली. १९८९ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती सक्ती अमान्य केली. मग २०१५ चा कन्नड भाषा अध्ययन कायदा आला. एवढ्या उलथापालथीनंतरही एस.एस.एल.सी.च्या ६२५ गुणांपैकी प्रथम भाषेचे १२५ गुण मराठी घेणाऱ्या विद्यार्थ्याला मराठीत मिळविता येतात. ही गोष्ट लहान नाही. पण गुणपत्रिकेतील १२५ गुण म्हणजे भाषा नव्हे.

अभ्यासक्रम वरून येतो आणि वरूनच बदलतो. हस्तलिखित मासिकासाठी मात्र राजपत्राची गरज लागत नाही. रंगीत शाईने सजविलेले मुखपृष्ठ, सुवाच्य अक्षराच्या मुलीकडे सोपविलेली नक्कल, संपादकपदासाठी होणारी रुसवाफुगवी. या साऱ्यांतून विद्यार्थी प्रथमच स्वतःचे वाक्य लिहितो. वक्तृत्वस्पर्धेत पाठ केलेले भाषण विसरले की त्याला स्वतःचे शब्द शोधावे लागतात. स्नेहसंमेलनातील नाटकामुळे घरी एक बोली आणि शाळेत दुसरी बोलणारे मूल प्रमाण मराठीचा उच्चार आपसूक आत्मसात करते. चाळीस वर्षांच्या अध्यापनात मी एक गोष्ट पुनःपुन्हा पाहिली. महाविद्यालयात मराठी हा विशेष विषय घेणाऱ्यांना पाठ्यपुस्तकातील धडे क्वचितच आठवत. हस्तलिखितात छापून नव्हे, हाताने उतरलेली आपली पहिली कविता मात्र प्रत्येकाला आठवे.

या उपक्रमांना गावाचा आधार होता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. बाबूराव ठाकुरांनी १९१९ मध्ये सुरू केलेला 'तरुण भारत' आणि गावोगावची वाचनालये शाळेच्या भोवती होती. १९२९ मध्ये शिवराम महादेव परांजपे यांच्या आणि १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात साहित्य संमेलने भरली. दुसऱ्यात तर संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. पुढे कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, कुद्रेमनी या खेड्यांनी आपापली संमेलने उभी केली. ग्रंथदिंडीपुढे लेझीम खेळत जातात ती शाळेचीच मुले. इंदिरा संतांसारख्या कवयित्रीने येथील ट्रेनिंग कॉलेजात शिक्षिका घडविल्या, हाही याच इतिहासाचा भाग होय.

निपाणीकडे वळलो की आणखी एक गंमत दिसते. निपाणी कर्नाटकात, पण गावाला लागूनच अर्जुननगरात १९६० मध्ये स्थापन झालेले देवचंद महाविद्यालय कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, आणि शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. तंबाखूच्या वखारीत आणि विडीच्या सुपाशी राबणाऱ्या आईचा मुलगा दहावी एका राज्यात होतो आणि पदवी दुसऱ्या राज्यात घेतो. वाटेवर राज्य बदलते, भाषा बदलत नाही. तिच्या या अखंडतेला शाळेच्या वाचनालयाचा आणि रंगमंचाचा मोठा हातभार आहे.

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे अगत्याचे वाटते. मराठीचे प्रेम म्हणजे कन्नडचा दुस्वास नव्हे. धारवाडच्या द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी. त्यांना १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार कन्नड काव्यासाठी मिळाला. त्याच धारवाडात इंग्रजीचे अध्यापन करणारे, बेळगाव जिल्ह्यातील एकसंब्याचे जी. ए. कुलकर्णी यांच्या 'काजळमाया'ला त्याच वर्षाचा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला. तो त्यांनी परत केला, ही गोष्ट वेगळी. एकाच गावात दोन भाषांना असा बहर येतो, तो सक्तीने नव्हे. विद्यार्थ्याने कन्नड मनापासून शिकावी. ती शेजाऱ्याची, बाजाराची आणि उपजीविकेची भाषा आहे. परंतु शेजाऱ्याच्या घरी सन्मानाने जाण्यासाठी स्वतःचे घर असावे लागते.

आज भीती आदेशांची तेवढी नाही. पालक इंग्रजी माध्यमाकडे वळले आहेत, मराठी शाळांचे वर्ग रोडावत आहेत, आणि उरलेल्या वर्गांतही सराव परीक्षांनी स्नेहसंमेलनाचे दिवस खाल्ले आहेत. न्यायालयात मिळविलेला हक्क वापरावयास विद्यार्थीच उरले नाहीत, तर त्या निकालाचे मोल कागदापुरते राहील. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला; आपण पेढे वाटले, ते योग्यच झाले. पण अभिजातता सिद्ध करणारे पुरावे शिलालेखांत आणि पोथ्यांत सापडतात. जिवंतपणाचा पुरावा आठवीतल्या मुलीच्या वहीत शोधावा लागतो.

माजी विद्यार्थ्यांनी शाळेला खोल्या बांधून दिल्या, संगणक दिले, याबद्दल संस्था त्यांची ऋणी आहेच. माझी मागणी त्याहून स्वस्त आणि कदाचित अधिक अवघड आहे. वर्षातून एक दिवस या, मुलांपुढे एखादे पुस्तक वाचून दाखवा, त्यांचे हस्तलिखित हातात घेऊन शेवटच्या पानापर्यंत वाचा, आणि ज्याची कविता आवडली त्याला नावाने हाक मारून तसे सांगा. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण येथे जमलो, ते गुरुवर्य याहून निराळे काय करीत होते?